झरमॅट ते व्हर्बिए, रात्रभर स्कीवर: पात्रुई दे ग्लासिए या शर्यतीच्या इतिहासाबद्दल नेहमी येणारे प्रश्न

ही नेमकी कसली शर्यत आहे?

स्वित्झर्लंडच्या व्हॅले भागात झरमॅट नावाचं गाव आहे. आपल्याकडचे बरेच जण युरोप टूरमध्ये मॅटरहॉर्न बघायला जातात ना, तेच. तिथून रात्री निघायचं आणि आल्प्सच्या हिमनद्या, खिंडी पार करत व्हर्बिएला पोचायचं, स्कीवर, तेही तिघांनी मिळून. नाव पात्रुई दे ग्लासिए, म्हणजे हिमनद्यांवरची गस्त, लोक थोडक्यात पीडीजी म्हणतात. ही भरवतं कोण तर स्विस आर्मी, आणि सुरुवातही आर्मीनेच केली, दुसरं महायुद्ध चालू असताना. आता सैनिकांबरोबर सिव्हिलियन टीम पण असतात, बाहेरच्या देशातलेही येतात, दर दोन वर्षांनी एप्रिलच्या आसपास होते.

लिफ्टने वर जाऊन खाली घसरत यायचं असलं हे स्कीइंग नाही हं. इथे चढ स्वतःच्या पायाने चढायचा, स्कीच्या तळाला मागे घसरू न देणारी पट्टी चिकटवून, आणि वर पोचल्यावर पट्टी काढून खाली उतरायचं, असं परत परत. याला स्की माउंटेनियरिंग म्हणतात.

किती लांब, किती उंच? आपल्याला कल्पना येईल असं सांगा.

सध्याचा पूर्ण मार्ग साधारण 57.5 किमी आणि एकूण चढाई जवळपास 4,400 मीटर. आता हे आकडे वाचून काही डोळ्यासमोर येत नाही म्हणून असं बघा, झरमॅट गावच समुद्रसपाटीपासून सुमारे 1,600 मीटरवर आहे, म्हणजे आपलं कळसूबाईचं शिखर 1,646 मीटर, जवळजवळ तिथे शर्यत सुरू होते. आणि पहिलाच चढ तुम्हाला 3,650 मीटरवर तेत ब्लांशला नेतो, सलग दोन हजार मीटर, अंधारात.

स्विस लोक डोंगरातलं अंतर मोजताना दर 100 मीटर चढाईला सपाटीवरचा 1 किमी धरतात. त्या हिशोबाने हे शंभर किमीच्या वर जातं. स्कीवरून हाच टप्पा हौशी लोक आरामात करतात तेव्हा मधल्या हटमध्ये मुक्काम करत साधारण चार दिवस घेतात.

छोटा मार्गही आहे, अरोला गावापासून व्हर्बिएपर्यंत, साधारण अर्धा. त्याला कमी समजू नका, दोन हजार मीटरच्या वर चढाई त्यातही आहे.

सुरुवात कशी झाली? युद्धाच्या मधोमध शर्यत कोणाला सुचली?

हा माझा सगळ्यात आवडता भाग, त्यामुळे जरा सविस्तर सांगतो.

1940 मध्ये फ्रान्स पडला आणि स्वित्झर्लंड एकटं पडलं. उत्तरेला जर्मनी, दक्षिणेला मुसोलिनीची इटली. नोव्हेंबर 1942 मध्ये जर्मनांनी फ्रान्सचा उरलेला भागही घेतला, मग तर चारही बाजूंनी वेढाच. देश तटस्थ होता पण तटस्थ म्हणजे निवांत नाही, सैन्य सीमेवर होतंच. सेनापती आन्री गिझाँ यांचा डाव असा होता की हल्ला झालाच तर सपाटीवरची शहरं धरून बसायचं नाही, आल्प्सच्या पोटात जाऊन लढायचं. आता असं लढायचं तर डोंगरात वेगाने हलता आलं पाहिजे, हिवाळ्यात, रात्री, वाट नसलेल्या ठिकाणी.

व्हॅलेच्या दक्षिणेकडचा डोंगराळ पट्टा माउंटन ब्रिगेड 10 कडे होता. त्यातल्या दोन कॅप्टननी, रोडोल्फ तिसिएर आणि रोजे बोनवँ, ही कल्पना मांडली. झरमॅट ते व्हर्बिए हा जुन्या ओत रूटचा, म्हणजे आल्प्समधल्या उंचावरच्या वाटेचा भाग, गाइड लोकांना पाठ असलेला, पण मुक्काम करत जायचा. हे म्हणाले, एका दमात. तिघातिघांच्या तुकड्या सोडायच्या आणि बघायचं की आपले जवान काय करू शकतात. म्हणजे ही मुळात शर्यत कमी आणि परीक्षा जास्त होती, ब्रिगेडची तयारी किती ते मोजायचं साधन.

एप्रिल 1943 मध्ये पहिल्यांदा झाली. 18 तुकड्या निघाल्या. पूर्ण करणाऱ्या किती? दोन. मला या आकड्याचं फार कौतुक वाटतं. म्हणजे उरलेल्या 16 तुकड्याही डोंगरातच वाढलेल्या लोकांच्या होत्या, कच्चे कोणी नव्हते, पण लाकडी स्की, जड सैनिकी सामान, कातड्याच्या पट्ट्या आणि वर तसली परिस्थिती. पुढच्या वर्षी 1944 ला 44 तुकड्या आल्या. म्हणजे सोळा तुकड्यांना शर्यत पूर्ण करता आली नाही हे ऐकून लोक घाबरले नाहीत, उलट वाढले.

ते दोन कॅप्टन पुढे काय झाले?

दोघंही मोठे झाले. बोनवँ इंजिनियर होते, पुढे सिओन शहराचे महापौर, मग 1962 मध्ये देशाच्या सात जणांच्या मंत्रिमंडळात गेले आणि 1967 व 1973 अशी दोन वर्षं स्वित्झर्लंडचे राष्ट्राध्यक्ष. तिथे हे पद दर वर्षी फिरतं. तिसिएर राजकारणातही गेले, आणि आज व्हर्बिएचं जे भलंमोठं स्की रिसॉर्ट दिसतं त्याच्या लिफ्ट उभ्या करण्यात त्यांचा मोठा वाटा. म्हणजे ज्या गावात शर्यत संपते ते गाव जगाच्या नकाशावर आणणाऱ्यांपैकी एक जण हाच.

याआधी अशी शर्यत कुठे नव्हती का?

होती की. मिलिटरी पॅट्रोल नावाचा प्रकार 1924 च्या शामोनी हिवाळी ऑलिंपिकमध्येच होता, त्यात सुवर्ण स्वित्झर्लंडनेच घेतलं होतं, त्यामुळे ही परंपरा त्यांच्या अंगात होतीच. शेजारी इटलीत ओत्तोरिनो मेझालामा हे स्की माउंटेनियरिंगचे मोठे नाव 1931 मध्ये हिमस्खलनात गेले, त्यांच्या आठवणीत 1933 पासून मेझालामा ट्रॉफी सुरू झाली. तीही तिघांची, दोराने बांधून हिमनद्यांवरून. पण एका गावातून रात्री निघून दुसऱ्या खोऱ्यातल्या गावात उतरायचं, आणि मध्ये एवढं अंतर, हे पीडीजीचं वेगळेपण.

1949 मध्ये काय झालं? शर्यत बंद का पडली?

युद्ध संपल्यावर एप्रिल 1949 मध्ये तिसरी शर्यत झाली. त्यात ऑर्सिएर भागातली एक तुकडी मोंट मिने हिमनदीवर भेगेत पडली. तिघेही. आठ दिवसांनी त्यांचे मृतदेह सापडले.

ज्यांनी ग्लेशियर पाहिलेली नाही त्यांच्यासाठी सांगतो. हिमनदी म्हणजे नुसतं बर्फाचं मैदान नाही, ती हळूहळू सरकत असते आणि सरकताना फाटते, त्या भेगा वीस-तीस मीटर किंवा त्याहून खोल असू शकतात. आणि वाईट म्हणजे त्यावर ताज्या बर्फाचा पातळ पूल तयार होतो, वरून काहीच कळत नाही, दिवसाही कळत नाही तर रात्री हेडटॉर्चच्या उजेडात काय कळणार.

नंतर देशात खूप टीका झाली आणि लष्करी खात्याने शर्यतीवर बंदी घातली. काही लोक याला भित्रेपणा म्हणतात, मला ते अजिबात पटत नाही. 1943 मध्ये दाराशी शत्रू होता, माणसं धोक्यात घालायला कारण होतं. 1949 मध्ये कोणतं कारण होतं? तीन घरांतली माणसं गेली आणि आर्मीने मान्य केलं की ज्या पद्धतीने आपण हे करतोय त्या पद्धतीने चालणार नाही. माझं तर स्पष्ट मत आहे की आज ही शर्यत एवढी मोठी झाली ती बंदी असूनही नाही, बंदीमुळे. पस्तीस वर्षं थांबल्यामुळेच परत सुरू करताना पहिला प्रश्न सुरक्षिततेचा आला, बाकी सगळं नंतर.

मग परत कधी सुरू झाली?

1984 मध्ये. ब्रिगेडमधल्याच अधिकाऱ्यांनी पुन्हा विषय काढला, वरच्यांना पटवलं आणि जवळपास दोनशे तुकड्या उतरल्या. तोपर्यंत काळ बदलला होता, हेलिकॉप्टर होती, रेडिओ होते, हिमस्खलनात गाडलेल्या माणसाचा सिग्नल पकडणारी यंत्रं आली होती. मार्गावर ठिकठिकाणी सैनिकांचे तळ, गाइड, डॉक्टर. शर्यतीच्या आधी कित्येक दिवस गाइड लोक हिमनदीवर फिरून भेगा शोधतात आणि सुरक्षित वाट आखतात.

तेव्हापासून दर दोन वर्षांनी. आता हजारो लोक भाग घेतात आणि ते एकाच रात्री मावत नाहीत म्हणून वेगवेगळ्या रात्री सोडतात. 2020 ची कोविडमुळे रद्द झाली. हवामान बिघडलं तर पुढे ढकलणं, मध्येच थांबवणं हे पण होतं, आणि दोन-दोन वर्षं तयारी केलेल्या लोकांना किती वाईट वाटत असेल, पण तिथे सहसा कोणी वाद घालत नाही. 1949 सगळ्यांना माहीत आहे.

रात्रीच का? दिवसा उजेडात जास्त सेफ नाही का?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, आणि उत्तर उलटं आहे: रात्र जास्त सेफ.

एप्रिलमध्ये आल्प्समध्ये दिवसा ऊन कडक असतं, बर्फाचा वरचा थर वितळतो, पाणी आत झिरपतं, उतारावरचा बर्फ सैल होतो. दुपारी असे उतार सुटतात, ओल्या बर्फाचं हिमस्खलन. भेगांवरचे पूल पण मऊ पडतात. रात्री आकाश मोकळं असेल तर जमिनीची उष्णता वर निघून जाते आणि सगळं परत गोठून टणक होतं, पूल पण आणि उतार पण. म्हणून रात्री निघायचं आणि ऊन चढायच्या आत अवघड भाग मागे टाकायचे.

यातलं एक बारीक पण महत्त्वाचं: ढगाळ आणि उबदार रात्र असेल तर बर्फ नीट गोठतच नाही. म्हणजे बाहेर बसून आपल्याला वाटेल की वा, आज थंडी कमी आहे, छान, पण आयोजकांसाठी तीच काळजीची रात्र.

याच कारणाने सोडायचा क्रमही गंमतीशीर आहे. हळू तुकड्या आधी, रात्री दहाच्या सुमारास पासून, आणि सगळ्यात वेगवान तुकड्या शेवटी, पहाटेकडे. म्हणजे सकाळी सगळे साधारण एकाच वेळी धोक्याच्या उतारांच्या पलीकडे. अरोलाला ठरलेल्या वेळेत पोचला नाहीत तर तिथेच थांबवतात.

मार्ग कसा आहे?

झरमॅटच्या गल्ल्यांतून निघतात. खाली बर्फ नसेल तर चक्क रनिंग शूज घालून, स्की पाठीवर, आणि दोन्ही बाजूला लोक घंटा वाजवत उभे. मग बर्फ लागला की बूट बदलायचे, पट्ट्या लावायच्या आणि मॅटरहॉर्नच्या पायथ्याजवळून वर वर, मागे वळून पाहिलं तर हेडटॉर्चची लांबच लांब रांग.

हिमनदीवर तिघांनी एका दोराने बांधून घ्यायचं, सक्तीचं आहे. तेत ब्लांशला पोचलं की पुढचा उतारही दोरातच, अंधारात. ही गोष्ट ऐकायला साधी पण करायला महाकठीण, कारण तिघांनी एकाच वेगाने वळायला लागतं. पुढचा जोरात गेला तर मधला आडवा, मधला पडला की मागचा त्याच्या अंगावर. ज्यांनी एकत्र सराव केलेला नाही ते इथे लगेच उघडे पडतात.

तेत ब्लांशवर काय होतं ते जवळून बघण्यासारखं आहे. थंडी उणे पंधरा-वीस, वर वारा. हातमोजे जाड, पण स्कीच्या खालची पट्टी ओढून काढायची तर बोटं मोकळी लागतात. पट्टी काढली की ती घडी करून चिकट बाजू चिकट बाजूला लावून सूटच्या आत, छातीशी ठेवायची. बॅगेत टाकली तर गोंद गारठतो आणि पुढच्या चढाला पट्टी चिकटतच नाही, मग संपलंच सगळं. पाण्याची नळी पण तशीच, प्यायल्यावर फुंकर मारून नळीतलं पाणी मागे ढकलायचं, नाहीतर गोठून बंद. असल्या बारीक गोष्टींवर लोकांची शर्यत टिकते किंवा तुटते.

पुढे बेर्तोलची खिंड, मग मोठा उतार अरोलापर्यंत, तिथे गरम चहा-सूप. मग रीडमाटेनची खिंड, उभी घळ, स्की पाठीवर आणि दोर धरून पायी. त्यानंतर दिस तलावाच्या काठाने लांबलचक पट्टा, जो कोणालाच आवडत नाही, कारण धड चढ नाही की उतार नाही. हा तलाव ज्या धरणाचा आहे ते ग्रांद दिक्साँस, 285 मीटर उंच. 1943 च्या जवानांना हे दिसलं नाही, तेव्हा तिथे जुनं छोटं धरण होतं.

आणि शेवटी रोझाब्लांश डोंगराचा चढ. बर्फात खोदलेल्या पायऱ्या, शेकड्यांनी, आणि दोन्ही बाजूला माणसंच माणसं. हे प्रेक्षक गाडीने आलेले नसतात, ते स्वतः स्कीवर पहाटे चढून आलेले, गळ्यात गाईच्या घंटा, हातात चीज, आणि शेवटच्या टीमलासुद्धा पहिल्या टीमएवढंच ओरडून वर नेतात. मग एक छोटा चढ आणि खाली व्हर्बिए.

तिघांचीच टीम का? एकट्याला का नाही घेत?

कारण हिमनदीवर एकटा माणूस भेगेत पडला तर संपला. दोघे बांधलेले असतील तर दुसऱ्यावर सगळा भार. तिघे असले की दोघे मिळून धरून ठेवू शकतात, एक जण सुटा होऊन मदत करू शकतो. तुकडी तिघांची हे 1943 पासून तसंच आहे.

वेळही तिघांची मिळून एकच लागते. त्यामुळे टीम सगळ्यात हळू माणसाच्या वेगाने चालते. थकलेल्याला पुढचा माणूस कमरेच्या इलॅस्टिक दोरीने ओढतो, त्याची बॅग घेतो, त्याला खाऊ घालतो. त्यात कमीपणा कोणी मानत नाही. माझ्या मते या शर्यतीचा जीव इथे आहे. मॅरेथॉनमध्ये तुम्ही तुमच्या पायांचं ऐकता, इथे दुसऱ्याचा श्वास ऐकत चालावं लागतं.

रेकॉर्ड किती आहे?

2010 मध्ये फ्लोराँ त्रोये, मार्टिन अँटामाटेन आणि यानिक एकर यांनी 5 तास 52 मिनिटांत पूर्ण केली तेव्हा सहा तासांच्या आत पाहून सगळे थक्क झाले होते. 2018 मध्ये अँटामाटेनच परत, यावेळी रेमी बोने आणि वेर्नर मार्टी यांच्याबरोबर, 5 तास 35 मिनिटं. अँटामाटेन झरमॅटचाच पोरगा, त्यामुळे घरातून निघाल्यासारखंच. महिलांमध्ये त्याच 2018 ला लेतिसिया रू, अक्सेल मोलारे आणि जेनिफर फिख्टर यांची तुकडी सव्वासात तासांच्या आसपास पोचली. सर्वसाधारण हौशी तुकड्यांना यापेक्षा दुप्पट किंवा जास्तच लागतात.

वेळ एवढी कमी झाली त्यात सामानाचा वाटा मोठा आहे. कार्बनचे बूट, एक किलोच्याही खालची स्की, मोहेअर आणि नायलॉनच्या पट्ट्या. पूर्वी पट्ट्या खरोखर सीलच्या कातड्याच्या असायच्या.

आता तरी पूर्ण सेफ आहे का?

नाही, आणि असं म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. डोंगर तोच आहे. 2018 च्या शर्यतीनंतर दहा दिवसही झाले नव्हते तेव्हा अरोलाच्या वर पिन्य दारोला शिखराच्या भागात वादळात स्की टूरवाले अडकले, रात्र उघड्यावर काढावी लागली, सात जण गेले. त्यांचा शर्यतीशी संबंध नव्हता, पण जागा तीच, महिना तोच. शर्यतीच्या वेळी हेलिकॉप्टर, तळ, हजाराच्या वर सैनिक हे सगळं असतं म्हणून ती त्या मानाने सुरक्षित. तेच लोक एकटे गेले तर गोष्ट वेगळी.

हवामान बदलाचा परिणाम?

होतोय. 2022 आणि 2023 या दोनच वर्षांत स्वित्झर्लंडच्या हिमनद्यांनी मिळून आपलं 10 टक्के आकारमान गमावलं. हिमनदी खाली बसली की खिंडीकडे जाणारा कडा उघडा पडतो, जिथे पूर्वी स्कीवर जाता यायचं तिथे दोर, साखळ्या, शिड्या लागतात. खालच्या भागात बर्फ नसल्याने पायी पळायचं अंतरही वाढतं. मार्ग त्यामुळे दर वेळी थोडा हलतो, आणि जुन्या-नव्या वेळांची तुलना करताना हे लक्षात ठेवा.

अमेरिकेतही अशीच एक आहे ना?

हो, कोलोरॅडोमधली ग्रँड ट्रॅव्हर्स, क्रेस्टेड ब्यूट ते ॲस्पेन, 1998 पासून. मध्यरात्री सुटते, दोघांची टीम, साधारण 64 किमी. मध्ये स्टार पास नावाची खिंड आहे, तिथे हिमस्खलनाचा धोका वाटला तर आयोजक पुढे सोडत नाहीत, मग फिरून परत क्रेस्टेड ब्यूटलाच यायचं. त्यामागे सैन्य नाही, गावातल्या लोकांनी उभी केलेली आहे, त्यामुळे तिची मजा वेगळी. तिच्यावर वेगळं लिहायला हवं.

भारतात काही आहे का? आणि मला यात उतरायचं असेल तर?

आपल्या आर्मीचं गुलमर्गचं हाय अल्टिट्यूड वॉरफेअर स्कूल 1948 पासून आहे, जवानांना स्की आणि बर्फातल्या हालचाली तिथे शिकवतात. खेलो इंडियाच्या हिवाळी स्पर्धांमध्ये गुलमर्गला स्की माउंटेनियरिंग हा प्रकार घेतलाय. 2026 च्या मिलान-कोर्तिना ऑलिंपिकपासून तो ऑलिंपिकमध्येही आला, पण तिथे छोटी स्प्रिंट आणि मिक्स्ड रिले, रात्रभराचं असं काही नाही.

उतरायचं असेल तर घाई करू नका. आधी स्की शिका, मग हिमनदीवर दोर कसा वापरायचा आणि भेगेतून माणूस कसा काढायचा याचा कोर्स, मग हिमस्खलनाचा. पीडीजीला नुसता दम असून चालत नाही, हे सगळं येतं असं गृहीत धरतात. सह्याद्रीतला दम नक्की कामाला येईल, पण बर्फाचं ज्ञान वेगळं. आणि बरोबरचे दोघे आधी शोधा, वर्षभर त्यांच्याबरोबर चाला.

नुसतं बघायला जायचं असेल तर?

सोपं ठिकाण झरमॅट, रात्री सुटताना, तिथपर्यंत ट्रेन जाते. अरोलाला पहाटे गेलात तर सगळ्यात छान, पोस्टबसने आदल्या दिवशी पोचून राहायचं, खोल्या लवकर बुक करा. रोझाब्लांशला मात्र स्की टूरिंग येत असेल तरच, गाइडबरोबर. कपडे एका थराने जास्त घ्या, कारण तुम्ही उभे राहणार आहात, ते पळणार आहेत.